रवतली

गेल्या वर्षीचा मे महिना. आमच्या खळ्यात मांडवाखाली रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलो होतो: आई, काकी, शेजारच्या दोघी, माझी लेक, मी आणि आत्या. चार दिवस तेच काम चाललेलं. रातांबे धुवायचे, विळीवर दोन भाग करायचे, बिया आणि गर एका टोपात, सालं दुसऱ्यात. बियांवर मीठ पडलं की पाणी सुटतं, गडद लाल, बघताना डोळ्यांत भरणारं. त्याच पाण्यात सालं बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा त्याच पाण्यात. अशी पाच-सहा पुटं बसली की सोलं तयार. माशा घोंघावत असतात, बोटांच्या पेरांना मीठ झोंबतं, विळीचं लहानसं कापलेलंसुद्धा आठवडाभर चुरचुरतं. आत्या या कामात सगळ्यांच्या पुढे. कोपरापर्यंत हात लाल करून ती बसायची आणि कुणाच्या बोटाला विळी लागली की तिथल्या तिथे चिंधी बांधायची, इतकी घट्ट आणि नेटकी की ती सोडायला दुसऱ्या दिवशी कात्री लागावी.

पाचव्या दिवशी पहिली खेप सुकून आली. माझ्या लेकीने चटईवरून मूठभर काळी सोलं उचलली आणि आत्याच्या ओंजळीत टाकली. "आत्याआजी, बघ गं, झाली का?" आत्याने ओंजळीत पाहिलं. काही बोलली नाही. मग तिने ती सोलं सुपात ठेवली, एकदम ओतली नाहीत, एकेक उचलून, हलक्या हाताने, शेजारी शेजारी, जणू प्रत्येक साल कुणाच्या तरी मालकीचं होतं आणि ते त्याला परत करायचं होतं. सगळी ठेवून झाल्यावर ती उठली, मागे परड्यात दोणीवर गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. काकी म्हणाली, "वन्सांक ऊन लागला." कुणीतरी कांदा फोडून नेला. आत्या अर्ध्या तासाने परत आली, पण मांडवात बसली नाही. त्या दिवसापासून ती आत चुलीपाशीच राहिली.

ते "एकेक उचलून" माझ्या डोक्यातून जाईना.

आत्या लष्करात होती. हे असं मी म्हणते. गाव म्हणतं, "मिल्ट्रीत नर्स होती." या दोन वाक्यांत जेवढं अंतर आहे तेवढ्यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं, असं मला आता वाटतं. कोकणाला फौज नवी नाही. महाडकडच्या एका गावाच्या नावातच फौजी आहे, फौजी आंबवडे. दापोलीला म्हातारी माणसं अजून कॅम्प म्हणतात. आमच्या वाडीत दर तिसऱ्या घराच्या भिंतीवर फेटा नाहीतर टोपी घातलेला एक तरणा चेहरा टांगलेला सापडेल. पण ही फौज पुरुषांची. लष्करी परिचर्या सेवेची सुरुवात १८८८ साली मुंबईत उतरलेल्या दहा ब्रिटिश परिचारिकांपासून झाली, म्हणजे ही सेवा आपल्या देशातल्या कितीतरी पलटणींइतकीच मुरलेली. तिच्यातल्या बायका कमिशन घेतलेल्या अधिकारी असतात, खांद्यावर तारे असतात. आत्या लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली. गावात हे ठाऊक असलेला एकच माणूस म्हणजे खालच्या वाडीतले निवृत्त हवालदार. ते तिला "मॅडमसाब" म्हणतात आणि रस्त्यात भेटली की सायकलवरून उतरतात. बाकी सगळ्यांची ती नर्सबाय. रात्री-अपरात्री ताप मोजायला, सलाइनची सुई लावायला, बाळंतिणीकडे डॉक्टर येईपर्यंत बसायला. एका पंधरा ऑगस्टला एका शाळेने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. हवालदारांना नारळ आणि शाल मिळाली. आत्याला प्रथमोपचाराच्या टेबलावर बसवलं होतं, मुलं उन्हात चक्कर येऊन पडतात म्हणून. ती बसली. दोन मुलांना चक्कर आली, तिने त्यांना लिंबूपाणी दिलं आणि घरी आली. मला हे कळलं तेव्हा मी चिडले. ती म्हणाली, "मी खय लढायला गेलेलंय गो?"

लहानपणी ती सुट्टीवर यायची तेव्हा आम्हां पोरांचा सणच असायचा. काळ्या पत्र्याची ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात नाव. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याच्या खाली जर्दाळू. आम्ही जर्दाळू पहिल्यांदा तिच्यामुळे खाल्ले. १९८७ च्या मे महिन्यात ती आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्या सुट्टीतला एक खेळ मला स्पष्ट आठवतो. आम्ही सगळी पोरं पडवीत ओळीने झोपायचो. कंदील मोठा करून ती पायथ्याशी बसायची आणि आमची पायाची बोटं एकेक करून दाबायची. नख दाबायचं, सोडायचं, त्यावर वाकून बघायचं. "एक, दोन. बरा आसा." मग पुढचं बोट. आम्हाला गुदगुल्या व्हायच्या, आम्ही पाय आखडून घ्यायचो, ती घोटा धरून पुन्हा सरळ करायची. सहा पोरांची साठ बोटं. कधीकधी आम्ही झोपल्यावरही ती करायची, कारण मध्यरात्री जाग आली तर पायाशी कंदील दिसायचा. आई एकदा आजीला हळूच म्हणाली होती, वन्सांना स्वतःची पोरं नाहीत ना, म्हणून. हे वाक्यही माझ्या कानात राहिलं. त्याचा अर्थ मोठेपणी लागला, तोही चुकीचा.

आमच्या घरात आत्याला एकच विशेषण होतं: खंबीर. आजोबा गेले तेव्हा ती रडली नाही, खंबीर. काकाला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तिने त्याच्या छातीवर हात दाबत जीपमधून कुडाळपर्यंत नेलं आणि तो वाचला, खंबीर. रात्री दोन वाजता उठून ती सगळ्या दारांच्या कड्या तपासत फिरते, झोपलेल्या माणसांचा श्वास ऐकत प्रत्येक खाटेशी थांबते, त्यालाही आम्ही शिस्त म्हणत आलो. खंबीर म्हटलं की मला आता आमच्या माजघरातला फणसाचा खांब दिसतो. त्याच्यावर सगळं घर टेकलंय आणि त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, की बाबा, दुखतं का? मीही विचारलं नाही. तीस वर्षं मी दर मे महिन्यात गावी येते आहे, तिच्या शेजारी झोपते आहे, तिच्या झोपेतलं पुटपुटणं ऐकते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेज जेवताना आंब्याच्या भावाबद्दल बोलतो.

त्या दिवशी मला वाटलं होतं, रक्त. सोपं गणित होतं: लाल पाणी, लाल हात, मिल्ट्रीतली नर्स. ठाण्याला परत आल्यावर मी रात्ररात्र मोबाइलवर वाचत बसले. आघातानंतर मनावर राहणाऱ्या अशा घावाला, पीटीएसडीला, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात जागा मिळाली १९८० साली, तीही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी रेटा लावल्यावर. तिथेही बायका आठवल्या त्या मागाहून. व्हिएतनामला गेलेल्या अमेरिकी बायकांत बहुतेक परिचारिका होत्या. पुढे मोठी राष्ट्रीय पाहणी झाली तेव्हा दिसलं, की तिथे गेलेल्यांत आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेले पुरुष ३०.९ टक्के, आणि बायका २६.९ टक्के. ज्यांच्या हातात बंदूक नव्हती त्या बायका बंदूकवाल्यांच्या जवळपास पोचल्या होत्या. वॉशिंग्टनमध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं ते १९९३ साली, एका परिचारिकेनेच कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर. तीन बायका आणि एक जखमी सैनिक असं ते शिल्प आहे. त्यातली एक जखमीला मांडीवर घेऊन बसलीय, दुसरी आभाळाकडे बघतेय. हेलिकॉप्टर येतंय का ते बघत असावी, असं लोक म्हणतात. मी तो फोटो खूप वेळ बघत राहिले. आत्या अजूनही हेलिकॉप्टरचा आवाज आला की हातातलं काम ठेवून अंगणात येते. आम्हाला वाटायचं, हौस.

पण हे सगळं वाचून करायचं काय? आमच्याकडे मनाच्या दुखण्याला एकच पत्ता आहे. "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया," असं आम्ही सहज, हसत हसत बोलतो, कारण मनोरुग्णालय रत्नागिरीला. पोर हट्ट करायला लागलं, नवऱ्याने चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, की रत्नागिरी. त्या गावाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण हा विनोद ऐकत वाढलेली बाई झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे जाणार कशी? आणि गेलीच तर दुसरी वाट देवचाराची. आत्याने रात्री फिरताना काहीतरी ओलांडलं असेल, असं सांगून एकदा तिच्या नावाने नारळ ठेवलाही गेला होता. देवळात गाऱ्हाणं झालं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. त्या गाऱ्हाण्याबद्दल माझ्या मनात राग नाही. उलट, एका माणसाचं दुखणं सगळ्या वाडीने उभं राहून ऐकायचं आणि प्रत्येक वाक्याला होकार भरायचा, ही फार मोठी सोय आमच्या पूर्वजांनी करून ठेवलीय. फक्त त्या दिवशी गाऱ्हाण्यात आत्याचं दुखणं नव्हतं. ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

गणपतीत मी पुन्हा गावी गेले. आमच्या घरी गणपतीसमोरची समई रात्रभर विझू द्यायची नसते आणि गेली कित्येक वर्षं ते काम आत्याकडे आहे. तिला तशीही झोप नाही, म्हणून सगळ्यांना हे सोयीचं. भजनीमंडळी उसळ आणि चहा घेऊन गेली, पाऊस लागला, वीज गेली. माटवीला बांधलेली तवसं, कवंडळं आणि आंब्याचे टाळे समईच्या उजेडात हलत होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि आडून न विचारता सरळ विचारलं. मे महिन्यात सोलं हातात घेतल्यावर तुला रक्त आठवलं का?

"रक्ताक कोण भिता गो?" ती म्हणाली. "लाल आसा तवसर बरा. लाल म्हणजे जिवंत."

मग तिने वात सारली आणि बराच वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही.

त्या रात्री तिने फार थोडं सांगितलं. दुसऱ्या रात्री आणखी थोडं, तिसऱ्या रात्री पहिलंच पुन्हा, पण त्यात एक माणूस जास्त. मी ते इथे एका दमात लिहिते आहे, पण ते मला तसं मिळालं नाही. ते पुटापुटाने मिळालं.

१९८६ च्या हिवाळ्यात ती लेहच्या लष्करी रुग्णालयात होती. सियाचीनवर आपली फौज १९८४ च्या एप्रिलमध्ये चढली. त्या सुरुवातीच्या वर्षांत गोळीपेक्षा थंडीच जास्त माणसं खाली धाडायची. वरून हेलिकॉप्टर त्यांना आणायचं, हवा असेल तेव्हा. हवा नसेल तर माणूस तसाच वर थांबायचा, आणि बोटंही. आणल्यावर पाय कोमट पाण्यात ठेवायचे, हाताच्या कोपराला सोसेल एवढ्या. गोठलेलं मांस जिवंत होताना ज्या वेदना होतात त्या गोठताना होत नाहीत. धिप्पाड माणसं लहान पोरासारखी ओरडायची. मग फोड. पाण्याचे फोड आले तर नशीब, रक्ताचे आले तर घाव खोल. आणि त्यानंतर बोटं काळी पडायला लागतात. आधी जांभळी, मग काळी, मग सुकून, आखडून, सुरकुतून कडक. "हातात घेतलास तर वजन लागणा नाय," ती म्हणाली. "सोलां सुकतत ना, तशी." कापायची घाई करायची नसते. कुठवर मांस जिवंत आणि कुठून मेलेलं ही रेघ शरीर आपली आपण आखतं, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. जानेवारीत गोठलं तर जुलैत कापा, असं सर्जन लोकांत म्हणायची पद्धत आहे. तोवर रोज मलमपट्टी करायची. मेलेल्या बोटाची. रोज.

त्या वॉर्डात एक पोरगा आपल्याकडचा होता. एकवीस-बावीस वर्षांचा, दर्यावर्दी घरातला. पहिल्या दिवशी पाय पाण्यात ठेवल्यावर तो ओरडला, "आवशे!" आत्याच्या हातातलं भांडं हललं. तिने विचारलं, "खयचो रे तू?" साडेअकरा हजार फुटांवर, बाहेर बर्फ, आत केरोसीनच्या बुखारीचा वास, आणि दोघं मालवणीत बोलायला लागली. मासळीबद्दल, दशावताराबद्दल, कुठल्या जत्रेत कुणाची कंपनी उभी राहते त्याबद्दल. आजी दरवर्षी तिच्यासोबत मुठेलाचा गोळा द्यायची, भेगांवर लावायला. ते कोकमाचं तेल आत्या त्याच्या फुटलेल्या ओठांना लावायची. तो म्हणायचा, वास घराचा येतो. आणि रोज पट्टी सोडताना तो मान दुसरीकडे वळवायचा आणि विचारायचा, "सिस्टर, बोटां रवतली मां?" बोटं राहतील ना?

ती म्हणायची, "रवतली रे."

रेघ तिला दुसऱ्याच आठवड्यात दिसायला लागली होती. सात आठवडे ती रोज "रवतली" म्हणाली. कारण तो होडीवरचा माणूस होता, आणि लाटेवर उभं राहायला बोटं लागतात हे वॉर्डातल्या दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, तिला कळत होतं. कारण तो "नाही" ऐकून रात्री काय करील याची तिला भीती होती. कारण ती अठ्ठावीस वर्षांची होती. उजव्या पायाची पाचही गेली, डाव्याची तीन. शुद्धीवर आल्यावर त्याने चादरीवरूनच ओळखलं. रागावला नाही, एक शब्द वाकडा बोलला नाही. ती पट्टी बदलायला गेली तेव्हा तो समोर बघून म्हणाला, "जी सिस्टर. ठीक हूँ सिस्टर."

"त्या दिसापास्ना तो माझ्याकडे मालवणीत बोललो नाय," आत्या म्हणाली.

पाऊस थांबला होता. पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. मला ते साठ बोटं मोजणं आठवलं, कंदील, "एक, दोन, बरा आसा", आणि मी माझे पाय साडीखाली ओढून घेतले. तो पोरगा पुढे पुण्याला गेला असणार. कृत्रिम अवयव केंद्र तिथे १९४४ पासून आहे. काही वर्षांनी आत्याची बदलीही पुण्याला झाली. तिथे असेपर्यंत ती त्या केंद्राच्या फाटकावरून कधी गेली नाही, लांबचा वळसा घालायची. हे तिने अगदी सहज सांगितलं, एखाद्या खड्ड्यातला रस्ता टाळावा तसं.

तिला वाटत होतं, ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. मेलं कोणी नव्हतं. तिच्यावर गोळी झाडली गेली नव्हती. वॉर्डात तिच्याहून जास्त सोसलेली माणसं होती. मग तिला कसला आलाय आघात? ज्या शब्दांत आपण फौजेच्या जखमा मोजतो त्या शब्दांत तिची जखम बसतच नव्हती. म्हणून ती बोटं मोजत राहिली, कड्या तपासत राहिली. आणि आणखी एक गोष्ट, जी मी इतकी वर्षं उलटी समजत होते. आत्याचं लग्न झालं नाही हे तिच्या सगळ्या वागण्याचं कारण म्हणून गावात सांगितलं जातं. वस्तुस्थिती अशी, की त्या काळात लष्करी परिचर्या सेवेतली बाई लग्न केलं तर सेवेतून काढली जायची. १९७७ चा तसा आदेशच होता, तो मागे घेतला गेला १९९५ मध्ये. १९८८ साली याच कारणाने काढून टाकलेल्या एका अधिकारी बाईच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत निकाल दिला आणि साठ लाख रुपये द्यायला लावले. त्याच्याच आदल्या महिन्यात, पंजाबातल्या एका नोकरभरतीच्या वादात, या सेवेतून आलेली बाई माजी सैनिकांच्या राखीव जागेला पात्र आहे असंही त्याच न्यायालयाने सांगितलं. लग्नाच्या निकालाचं कात्रण मला आत्याच्या वहीत सापडलं. तिलाही एक स्थळ आलेलं, चांगलं, लेहला असतानाच. "मी पत्र पाठवून नाय म्हटला," ती म्हणाली. "पेशंट टाकून जातलंय कसा?" मग म्हणाली, "निकाल बरो लागलो. पण उशीर झालो."

ती वही म्हणजे नाइट रिपोर्ट. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती रोज रात्री लिहिते. इंग्रजीत, वॉर्डातल्यासारखं: घरात माणसं किती, कुणाला ताप, कुणाला खोकला, गाय कधी व्याली, दारं लावली. शेवटी सही. मी ती वही पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भीती वाटली. आता वाटतं, त्या वहीनेच तिला इतकी वर्षं तगवलं असेल. रात्र कशीही गेली तरी ती कागदावर उतरवून दुसऱ्या पाळीच्या हवाली करायची. दुसरी पाळी कधी आलीच नाही, एवढंच.

दिवाळीनंतर तिला घेऊन मी बांबोळीला गेले. गावात सांगितलं, डोळे दाखवायला. आमच्या भागातली माणसं मोठ्या दुखण्याला गोव्यात जातातच, त्यामुळे कुणी फार विचारलं नाही. डॉक्टर माझ्याहून लहान होती. आत्या तिच्यासमोर ताठ बसली आणि स्वतःबद्दल रिपोर्ट दिला: वय सहासष्ट, स्त्री, झोप तीन तास, भूक बरी. दोन भेटी असंच चाललं. तिसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाली, तो दिवस मला सांगा, डोळे मिटून, आत्ता घडतोय तसा, आणि तुमच्या भाषेत सांगा. डॉक्टर गोव्याचीच, तिला मालवणी कळत होती. नंतर मला समजलं, की ही उपचाराची रुळलेली रीत आहे. टाळलेली आठवण पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगायची, जिथे सुरक्षित वाटतं अशा ठिकाणी, जोवर ती फक्त आठवण होत नाही तोवर. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. दारातून शब्द कळत नव्हते, फक्त चाल कळत होती. आणि एकदाच, मोठ्याने, "रवतली रे."

हे लिहिताना मला सगळं सुरळीत झालं असं दाखवायचं नाही. पहिल्या दोन महिन्यांत तिचं वाईटच झालं. होती ती तीन तासांची झोपही गेली, आणि एकदा फोनवर तिने मला विचारलं, "कित्याक उकरून काढलास?" त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी मोजकंच बोलली. मीही रात्री पडल्या पडल्या स्वतःला तेच विचारत होते. सदतीस-अडतीस वर्षं बाई आपलं आपण सांभाळत होती, मी कोण आले खपली काढायला? याचं उत्तर माझ्याकडे अजून पुरतं नाही. डॉक्टरने तिला एक अगदी साधी गोष्ट दिली होती. मन लेहला जायला लागलं की पाय कुठे आहेत ते बघायचं. सकाळी सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की वाडीतल्या बायका तिसऱ्या, खाण्याचे शिंपले, काढायला खाडीत उतरतात. आत्या आता त्यांच्याबरोबर जाते. गुडघ्याएवढ्या पाण्यात, चिखलात बोटं रुतवून उभी राहते. तिसऱ्या फारशा सापडत नाहीत तिला. बायका आपल्यातल्या ओंजळभर तिच्या टोपलीत टाकतात. चिखलाचा तो वास, पायाला लागणारे शिंपले, बगळे, आणि बायकांच्या न संपणाऱ्या गप्पा. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, काल पाच तास झोपलंय. फ्रिजवर माझ्या लेकीने मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवलाय, रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर. तिने तो लावलाय की नाही ते मी विचारलेलं नाही.

यंदाचा मे उलटाच निघाला. तिसऱ्या आठवड्यातच पावसाने सुरुवात केली. आंबा गेला, रातांबे झाडावरच गळायला लागले. मधेच ऊन पडलं की खळं सोलांनी भरायचं आणि ढग आला की सगळ्यांची धावपळ. एका दुपारी तिसरं पूट दिलेली सोलं पसरून आम्ही जेवायला बसलो होतो. काही सालं अजून लाल, काही काळी पडायला लागलेली. पहिला टपोरा थेंब पत्र्यावर वाजला आणि ताटं टाकून सगळ्या उठल्या. आई सुपं घेऊन, काकी चटईची टोकं धरून, शेजारच्या दोघी कुंपणावरूनच आत आलेल्या. आत्या पडवीच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. मी मागे होते. मला वाटलं, आत जाईल. मी तिच्यासाठी काहीतरी निमित्त शोधत होते, चुलीवरचं दूध, गाय, काहीही.

"माका काळी सोलां हातात धरूक जमाची नाय," ती मोठ्याने म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मी ताडपत्री धरतंय. तुमी गोळा करा."

काकी क्षणभर वाकलेलीच राहिली. शेजारची म्हणाली, "धरा नर्सबाय, पण वायच वर धरा, पाणी आत येता!" आणि कामाला लागली. मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी हात उंच करून उभ्या होतो, पाणी कोपरांवरून काखेत उतरत होतं, खाली बायका ओरडत, एकमेकींना ढकलत सोलं ओढून घेत होत्या. आत्या त्यांच्या हातांकडे बघत होती. नजर वळवली नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता, लांब, मोजून घेतलेला, आणि ओल्या खळ्यावर तिच्या अनवाणी पायांची बोटं आत रुतायला काहीतरी शोधत होती.

रात्री चुलीच्या वैलावर सोलांची सुपं ठेवून सगळ्या निजल्या. मी पाणी प्यायला उठले तेव्हा वही उघडीच होती, पेन मधे. वर नेहमीसारखं इंग्रजी, माणसं सात, ताप नाही, दारं लावली. त्याच्या खाली एक ओळ देवनागरीत होती: "पाऊस. सोलां आत घेतली. दोन सुपां भिजली, बाकी रवली."